सोसायटीची लाल पाटी

"बटणं बदलाले किती दिवस लागतात रे भो?" असं पितांबर आबांनी मला विचारलं, आणि मी "आठवडाभर" असं सांगून मोकळा झालो. तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. पुढे आखाजी झाली, पोळा झाला, नवरात्राचे घट बसले, तरी आबा भेटले की पहिला प्रश्न तोच, "काय मंग, तुहा आठवडा सरला का नाही अजून?" घाईत दिलेलं एक उत्तर असं सणवार ओलांडत गेलं की माणसाला तोंड सांभाळून बोलायची सवय लागते. मला ती आता लागली आहे, पण उशिरा.

आबा हे फैजपूरच्या एका केळी उत्पादक सोसायटीचे चेअरमन. मी जळगावचा भूपेंद्र वायकोळे, संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस. हे आमच्या कॉलनीत कोणालाच नीट कळलेलं नाही, त्यामुळे माझ्याकडे लोक मिक्सर, इस्त्री आणि एकदा तर गुडघ्याला लावायचा शेकाचा पट्टा दुरुस्तीला घेऊन आले. असो. सोसायटीसाठी मी पुष्कळ वर्षांपूर्वी एक वेब ॲप लिहिलं होतं. कोणाची केळी कधी कापायची आणि कोणती गाडी कोणाच्या मळ्यात जायची, याची नोंद त्यात होते. नोंद झाली की गाडीवाल्याच्या मोबाइलवर आपोआप निरोप जातो, आणि कापणीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा जातो. मी आयुष्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमपैकी काही गिऱ्हाइकाबरोबर बुडाले, काही गिऱ्हाइकाला घेऊन बुडाले. हा एकटाच टिकला, म्हणून माझा त्याच्यावर लेकरासारखा जीव आहे.

आता त्याचं दुखणं सांगतो. समजा तुम्ही हजार माणसांचं वरण-बट्टीचं जेवण रांधलं. वरण तुमचं, बट्ट्या तुमच्या, वांग्याची भाजीही तुमची, पण पातेली, पराती, झारे सगळं मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेलं. माझ्या ॲपचं तसंच होतं. आतला हिशोब सगळा माझा, पण पडद्यावर दिसणारी बटणं, तक्ते, तारखेचं कॅलेंडर हे एका परदेशी कंपनीच्या तयार संचातलं. या संचाला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. तिचा परवाना सोसायटीनं एकदा विकत घेतला आणि नंतर त्याची मुदत संपली हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून कोणतीही नोंद जतन केली की पडद्यावर मधोमध एक लाल पाटी यायची. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं की तुमचा परवाना संपला आहे, कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा. खाली 'ओके' दाबलं की पाटी जायची आणि काम पुढे चालू व्हायचं.

तेवढ्यावर भागलं असतं, तर मी ही कथा सांगायला बसलोच नसतो. पण ब्राउझर नवे आले आणि त्यांचं या म्हाताऱ्या लायब्ररीशी जमेना. कॅलेंडर उघडलं की ते तक्त्याच्या मागे जाऊन बसू लागलं. मग तारीख अंदाजानं दाबायची. एकदा एकाची कापणी गुरुवारऐवजी रविवारी लागली आणि त्याच्या घरी रविवारी मुलीला पाहायला पाहुणे आले होते. आबांनी मला बोलावून घेतलं.

"पुन्याच्या कंपनीचा मानूस चकरा मारू राह्यला," ते म्हणाले. "बठ्ठं, सगळंच नवीन देतो म्हनते. संचालक बी म्हनतात, देऊन टाका. मी म्हटलं, भूपेंद्र आपला मानूस हाये, त्याले एकडाव विचारू. तूच बटणं बदलून दे. पन पहिल्याच दिवशी गाड्यांचा घोळ झाला तं मंग मी काही बोलनार नाही, तुहा प्रोग्रॅम काढून त्याचा लावू."

म्हणजे बटणं बदलायची, नाहीतर लेकरू गमवायचं. मी छाती पुढे काढून "आठवडाभर" म्हणालो ते याच वेळी.

ही बातमी घरी येईपर्यंत कॉलनीत पोचली होती. शेजारी निंबा नाना राहतात. ते दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाबद्दल त्यांचं स्वतःचं मत असतं. ते चहाच्या वेळी आले, चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "परवान्याची तारीख संपली, एवढंच ना? मग परवाना कशाला बदलता? मशीनची तारीख मागे घ्या."

मी हसलो. शिकलेल्या माणसानं अशा वेळी हसायचं असतं. पण ते गेल्यावर मला वाटलं, नवं काम होईपर्यंत एक-दोन दिवस पाटीचा त्रास तरी वाचेल, काय हरकत आहे? मी जळगावात बसून सोसायटीच्या सर्व्हरची तारीख बरीच वर्षं मागे नेली. पाटी खरोखरच गेली. मी नानांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि जेवायला बसलो.

इथे मी एक गोष्ट विसरलो होतो, ती म्हणजे माझा प्रोग्रॅम प्रामाणिक आहे. त्याला वाटलं, ते जुनं वर्ष खरंच आलं. त्यानं त्या वर्षीच्या उद्याच्या कापण्या काढल्या आणि गाड्यांना निरोप पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला रमजानभाईंचा फोन आला. सोसायटीच्या बहुतेक गाड्या त्यांच्या.

"भूपेंद्रभाई, गाडी मंडप में खडी है. दुल्हे का बाप पूछ रहा है, केले किसने मंगवाए?"

झालं होतं असं, की ज्याच्या मळ्यात त्या वर्षी कापणी होती, त्यानं मधल्या काळात मळा विकला आणि तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं. गाडी वरातीच्या मागून हॉर्न वाजवत आत शिरली. मागोमाग कापणीची टोळी विळे घेऊन उतरली. तिला तिथे केळी सापडल्या त्या फक्त दोन, मंडपाच्या दाराला बांधलेल्या. नवरदेवाच्या मामांना त्या विळ्यांचा काय अर्थ लागला देव जाणे, पण ते नवरदेवाला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी तारीख पुढे आणली, पाटीही मुकाट परत आली. निंबा नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी तारीख मागे घ्या म्हटलं होतं. वरात आडवा असं म्हटलं नव्हतं."

मग मी सरळ मार्गानं जायचं ठरवलं आणि त्या परदेशी कंपनीला मेल लिहिला. कळलं की ती कंपनी दुसरीनं विकत घेतली, दुसरीला तिसरीनं घेतलं, आणि तिसरी आता दुसराच काही धंदा करते. तिच्या संकेतस्थळावर एक बाई गप्पांसाठी हजर होती. मी लिहिलं की आमची केळी अडकली आहेत. तिनं लिहिलं की तुमची अडचण आम्ही मनापासून समजतो. मी पुन्हा लिहिलं, तिनं पुन्हा तसंच लिहिलं. तीन-चारदा मनापासून समजून घेतल्यावर मला शंका आली की ही बाई नसून यंत्र असावं. शेवटी एवढंच कळलं की आमचा जुना संच आता मिळत नाही, आणि नवा संच घेतला तर त्यातलं एकही झाकण आमच्या पातेल्यांवर बसणार नाही. शीतल, म्हणजे माझी बायको, ती शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "मग भांडीच बदला ना. भाड्याची कशाला आणता?"

हाच खरा रस्ता होता. जगात काही भली माणसं अशी बटणं आणि तक्ते तयार करतात आणि फुकट वाटतात. कोणीही घ्यावं, वापरावं, मोडलं तर दुरुस्त करून परत द्यावं. मी अशी एक फुकटची लायब्ररी निवडली आणि आनंदानं फैजपूरला जाऊन संचालक मंडळापुढे ती मांडली.

संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फुकट?" आबा म्हणाले. "या जमान्यात फुकट कोन देते? त्याच्यात काहीतरी खोट असीन."

एका संचालकांनी विचारलं की पुढे ते जमिनीवर हक्क सांगणार नाहीत ना. दुसऱ्यांचं म्हणणं पडलं की फुकटचं बटण हलकं निघतं, दाबून दाबून पिचकतं. मी त्यांना समजावलं की पडद्यावरचं बटण पिचकत नाही. ते म्हणाले, "बटन हाये ना? मंग?" अखेर सेक्रेटरींनी नियमावर बोट ठेवलं. सोसायटीत खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशन लागतात, सही-शिक्क्यासकट. वस्तू फुकट असली तरी ती फुकट आहे हे तीन जणांनी लिहून द्यायला हवं, आणि त्यातलं सर्वांत कमी मंजूर करायचं.

मी म्हटलं, "साहेब, तिन्ही शून्य असतील. सर्वांत कमी शून्य कोणतं, ते कसं ठरवणार?"

"ते मंडळ ठरवीन," आबा म्हणाले आणि विषय संपला.

मी तीन ठिकाणी मेल पाठवले. पहिल्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांना वाटलं मी त्यांची फसवणूक करू पाहतोय, त्यांनी मला त्यांच्या मंडळीतून काढून टाकलं. तिसरा ब्राझीलमधला एक तरुण निघाला. त्यानं फार आपुलकीनं लिहिलं की कोटेशन म्हणजे काय ते मला कळत नाही, पण तुम्हाला त्याची गरज दिसते, तर देतो. त्यानं कागदावर मोठं शून्य काढलं, खाली सही केली, आणि शिक्का नसल्यामुळे निळ्या पेनानं गोल शिक्का काढून त्यात केळीचा घड रंगवला. खाली विचारलं होतं की तुमच्याकडे केळीला भाव काय आहे, माझ्या काकाची बाग आहे. तो कागद मंडळात हातोहात फिरला. आबांनी घड निरखून पाहिला आणि "फण्या बरोबर काढल्या हाये त्यानं" असं म्हणून एकाच कोटेशनावर ठराव मंजूर केला. त्या पोराच्या काकाला आमचा भाव कळवायची जबाबदारी माझ्यावर टाकली गेली, ती मी आजतागायत पाळतोय.

मग कामाला खरी सुरुवात झाली. एकेक पडदा उघडायचा, जुनं बटण काढायचं, नवं बसवायचं. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या बटणांमागे काय काय दडलेलं असतं हे ती काढल्याशिवाय कळत नाही. एका तक्त्याला हात लावला की तीन ठिकाणचे आकडे गायब व्हायचे. निंबा नाना रोज येऊन माझ्या पाठीमागे उभे राहत आणि वीज केंद्रात चालत्या संचाचा भाग कसा बदलतात ते सांगत. ते सांगू लागले की मी काय करत होतो तेच विसरायचो. पलीकडच्या वहिनी आल्या तर म्हणाल्या, "भाऊजी, रंग जरा अबोली घ्या, डोळ्यांना बरा." मी अबोली घेतला नाही, पण दोन दिवस त्याचाच विचार करत राहिलो.

सगळं तयार झाल्यावर तपासणी शीतलनं केली. तिनं प्रत्येक पडदा उघडला, प्रत्येक बटण दाबलं, खोट्या नावांनी ढीगभर नोंदी केल्या. एकही चूक निघाली नाही. इथे वाचकांनी एक लक्षात घ्यावं. शीतल कोणतीही गोष्ट एकदाच सांगते, आणि बटणही एकदाच दाबते. घरात ते मला ठाऊक होतं, कामात ते ध्यानात आलं नाही.

नवं ॲप सुरू करायचा दिवस ठरला. मी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच फैजपूरला पोचलो. खिडकीवर दिपमालाताई बसल्या होत्या. नोंदी त्याच करतात. गेली काही वर्षं त्यांच्या हातानं सगळ्या तालुक्याच्या केळीच्या गाड्या लागल्या आहेत. मी त्यांना नवे पडदे दाखवले. त्या म्हणाल्या, "छान हाये भाऊ, स्वच्छ दिसते." मग आबांनी मला आत केबिनमध्ये नेलं. संचालक जमले होते. चहा आला, खारी आली, आणि मी जरा सैल सुटलो. चांगला प्रोग्रॅम कसा ओळखावा, तर तो चालू आहे हे कळूच नये, असं मी त्यांना सांगत होतो. "बघा," मी म्हणालो, "बाहेर गर्दी आहे, पण काही गलका? काही नाही. सगळं कसं शांत चाललंय."

खरंच शांत होतं. एवढं शांत, की आबांनाच ते खटकलं. सकाळच्या वेळी खिडकीवर अशी शांतता त्यांनी कधी अनुभवली नव्हती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या स्वतःच्या मळ्यात टोळीनं पहाटेच कापणी उरकली होती, घड पानांवर मांडून ठेवले होते, आणि गाडीचा पत्ता नव्हता. लगेच दुसऱ्या संचालकांचा फोन वाजला. त्यांचीही गाडी नव्हती. मग तिसऱ्यांचा. केबिनमधले सगळे फोन वाजत होते आणि माझ्या हातात अर्धी खारी तशीच राहिली होती.

माझा फोन वाजला तो रमजानभाईंचा. "भूपेंद्रभाई, आज कोई बडा आदमी केला काट रहा है क्या? मेरी सब गाडियां पहाड के नीचे एक ही औरत के खेत में पहुंची हैं. ड्रायव्हर से बात करो."

ड्रायव्हर साक्रीकडचा छगन होता. तो म्हणाला, "भाऊ, बठ्ठासले एकच निरोप ऊना. गुंताबाईना वावरमा या. बठ्ठ्या गाड्या आठेच उभ्या शेतस. आते काय करानं?"

म्हणजे सगळ्याच गाड्यांना कोणा गुंताबाईंच्या शेतात जायचा निरोप गेला होता. मी खिडकीकडे धावलो. बाहेरच्या बाजूला शेतकरी ओळीनं उभे होते, सगळ्यांचे डोळे दिपमालाताईंच्या पडद्यावर. पडदा मुद्दाम खिडकीकडे वळवलेला होता. कोणी बोलत नव्हतं. दिपमालाताईंच्या कपाळावर घाम आला होता आणि त्या जतन करायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"भाऊ, पाटीच येत नाही," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मी कवाची दाबू राह्यली. गुंताबाईची नोंद काही केल्या होईना, आणि ती झाल्याबिगर पुढच्याची कशी घेऊ?"

कोणती पाटी, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात रांगेतले एक आजोबा म्हणाले, "लाल पाटी वो. पाटी आली का नोंद झाली. पाटी पाह्यल्याबिगर आम्ही खिडकी सोडत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि लगेच अंधार झाला. दिपमालाताई नोकरीला लागल्या तेव्हा परवाना आधीच संपलेला होता. त्यांनी पाटीशिवाय ॲप कधी पाहिलंच नव्हतं. नोंद केली की लाल पाटी येते, ती आली म्हणजे काम पक्कं, असं त्यांनी समजून घेतलं. इंग्रजी कोण वाचत बसतो? शेतकऱ्यांनीही तेच मानलं. पडदा खिडकीकडे वळवायची रीत त्यातूनच पडली. पावती नाही मिळाली तरी चालेल, पण पाटी डोळ्यांनी पाहायची आणि मगच मळ्याकडे जायचं. परदेशातली एक कंपनी इतकी वर्षं आमच्या लोकांना बजावत होती की तुमची मुदत संपली, आणि आमचे लोक समाधानानं मान हलवून घरी जात होते.

त्या पाटीचा आणखी एक गुण मी विसरलो होतो. ती आली की 'ओके' दाबेपर्यंत बाकी पडदा गोठायचा, त्यामुळे एकच नोंद दोनदा व्हायचा प्रश्नच नव्हता. मी पाटी काढली, अडसरही काढला. दर नोंदीला ॲप पुढची मोकळी गाडी लावत गेलं, आणि दिपमालाताईंनी बटण जितक्या वेळा दाबलं, तितक्या गाड्या गुंताबाईंकडे निघाल्या. आणि निघालेली गाडी रद्द करता येत नाही, हा नियम तर मीच मोठ्या हौसेनं घातला होता, कारण पूर्वी लोक एकमेकांच्या गाड्या वाटेत पळवायचे.

आबांनी मला जीपमध्ये बसवलं. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. आबा रागावून ओरडले की माणसाला बरं वाटतं, ते गप्प बसले की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन, खड्ड्याखड्ड्याला डोकं आपटत, रद्द न होणाऱ्या गाड्या रद्द करायचा मार्ग लिहीत होतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी गुंताबाईंचं छोटंसं वावर होतं. त्यांनी पहिल्यांदाच केळी लावली होती. बांधाबाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि गावातली सगळी पोरंटोरं, बायाबापडे ती पाहायला जमले होते. गुंताबाई नवी साडी नेसून मोठ्या पातेल्यात चहा करत होत्या. त्यांना वाटलं, केळी पहिल्यांदा कापतात तेव्हा सोसायटी असाच मान देत असावी.

"मन्ह्या केळी तं एकच गाडीमा मावतीन," त्या आबांना म्हणाल्या. "पन तुम्ही एवढ्या धाडल्या. बठा, चहा ल्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग आबांनी काय केलं, तर टोपी सारखी केली आणि त्यांना सांगितलं, "हो अक्का, पहिली कापनी हाये ना तुमची." आणि बाजेवर बसून चहा घेतला. मला त्या क्षणी आबा फार मोठे वाटले, आणि मी स्वतः फार लहान.

एवढे ड्रायव्हर आणि हमाल एकदम हाताशी असल्यानं गुंताबाईंची गाडी बघता बघता भरली. तोवर मी बाजेच्या कडेला बसून जादाच्या गाड्या मोकळ्या केल्या आणि ॲपमध्ये पाटी घातली. आधी हिरवी केली, मराठीत, 'आपली नोंद झाली आहे' अशी. दिपमालाताईंना फोन करून विचारलं, आली का? त्या म्हणाल्या, "आली भाऊ, पन हिरवी हाये. लोक म्हनतात ही ती नाही." मी लाल केली. त्या म्हणाल्या, "मराठीत हाये, लोकांले खोटी वाटू राह्यली." शेवटी मी मुकाट परवाना संपल्याचं तेच जुनं इंग्रजी वाक्य लिहिलं आणि फैजपूरच्या खिडकीवर गलका सुरू झाला. तो फोनवर ऐकून मला हायसं वाटलं. गाड्या एकामागून एक खाली निघाल्या. सर्वांत शेवटची आबांच्या मळ्यात पोचली, पण घड काळे पडायच्या आत पोचली.

परत येताना आबा एवढंच म्हणाले, "सोमवारी मीटिंग हाये. पुन्यावाल्याले बोलावलं मी."

मी घरी आलो आणि शीतलला सांगितलं की संपलं. तिनं हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तपासणी मीच केली होती. मीही येते." मी नको म्हटलं. बायकोसमोर प्रोग्रॅम जावा आणि वर चेअरमननं दोन शब्द ऐकवावेत, एवढी माझी तयारी नव्हती. निंबा नाना आले, त्यांनी पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते समजलं.

सोमवारी पुण्याचा तरुण आला. हुशार होता, नम्रही होता, त्याच्यावर राग धरायला काही जागाच नव्हती. त्याचं सॉफ्टवेअर त्यानं मोठ्या पडद्यावर दाखवलं. खरं सांगतो, ते चांगलं होतं. माझ्यापेक्षा वेगवान होतं, देखणं होतं, मोबाइलवरही चालत होतं. संचालक माना डोलावू लागले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माझ्या लेकराला मनातल्या मनात निरोप देत होतो, आणि डोळे भरून येतील की काय अशी भीती वाटून मी छताकडे पाहत राहिलो.

मग आबांनी दिपमालाताईंना आत बोलावलं आणि एक नोंद करून पाहायला सांगितलं. त्यांनी नाव भरलं, तारीख निवडली, गाडी निवडली, बटण दाबलं. कोपऱ्यात एक लहानशी खूण चमकली आणि गेली. पुण्याचा तरुण म्हणाला, "झालं, मॅडम."

दिपमालाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या वळल्या आणि मला विचारलं, "भाऊ, झाली का नोंद?"

सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. निदान 'सांगता येत नाही' असं म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. माझ्या मनात ते आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी उठून पडद्याजवळ गेलो, खालचा तक्ता उघडून पाहिला. नोंद नीट झाली होती, एकदाच झाली होती.

"झाली, ताई," मी म्हणालो. "व्यवस्थित झाली. चांगलं काम आहे यांचं."

दिपमालाताईंनी समाधानानं हात बाजूला केले. मी खुर्चीकडे परत निघालो.

आबांनी चष्म्याच्या वरून आळीपाळीनं दिपमालाताईंकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुण्याच्या तरुणाला म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन लय भारी हाये. पन ते भारी हाये हे आम्हाले याच्या तोंडून ऐकावं लागलं. तुमचं घेतलं तरी रोज यालेच इचारावं लागनार, झालं का, झालं का. मंग याचंच का नको?"

तरुण हसला. संचालकांनी हात वर केले. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी एकदम इतके हात वर केले नव्हते. मी सगळ्यांचे आभार मानले, पिशवी उचलली आणि दाराकडे वळलो.

"कुठी चालला?" आबा ओरडले. गाड्यांच्या घोळानंतर ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडत होते. "बस अठी. पुढचा विषय गोदामातले उंदीर. तुले काय वाटते, सांग."

उंदरांबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसलो.